वॉल्टनचा कारखाना आणि चित्रपटाची मुळाक्षरे

दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेला जाऊन चित्रपटाची विद्या शिकून आले, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा लिहिले गेले आहे की त्यातल्या ‘विलायत’ या शब्दापाशी आता कोणी थबकत नाही. विलायत म्हणजे नेमके कुठे? कोणाकडे? आणि तिथे त्यांनी पाहिले ते काय? फाळक्यांच्या चरित्रात या प्रश्नांची उत्तरे दोन-तीन ओळींत आटोपतात. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या व्यापारी साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते भेटले. या धंद्याच्या फंदात पडू नका, असे कॅबोर्ननी आधी सुचवून पाहिले. गृहस्थ हटत नाही असे दिसल्यावर त्यांनी फाळक्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थने आपला स्टुडिओ त्यांना दाखवला. मग विल्यमसन कॅमेरा, फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची तजवीज करून फाळके एप्रिलच्या आरंभी मुंबईला परतले.

हा स्टुडिओ लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्सच्या काठी, सरे परगण्यातल्या वॉल्टन या गावी होता. त्याचे नाव मला फार बोलके वाटते : ‘हेपवर्थ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. आपल्या भाषेत सांगायचे तर हेपवर्थचा कारखाना.

या लेखात वॉल्टनच्या त्या कारखान्याची हकिगत सांगायची आहेच. पण त्यामागे माझा आणखी एक हेतू आहे. चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेताना पहिल्या काही दिवसांत जे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावे लागतात, ते सगळे या एका स्टुडिओच्या इतिहासात एकत्र भेटतात. त्या प्रश्नांवरून माझे एक मत बनले आहे. चित्रपटाचा अभ्यास आशयापासून सुरू होत नाही, कलेपासूनही नाही. तो एका वस्तूपासून सुरू होतो. कारखान्यात तयार झालेल्या, विकल्या गेलेल्या, झिजलेल्या आणि बहुतेकदा नष्ट झालेल्या फितीपासून.

परसातला रंगमंच

सेसिल हेपवर्थचा जन्म १८७४ चा. त्याचे वडील मॅजिक लँटर्नवर व्याख्याने देत. काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडून गोष्ट सांगण्याचा हा प्रकार आपल्यालाही परका नाही. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने तोच खेळ महाराष्ट्रभर नेला होता. म्हणजे हेपवर्थ लहानपणापासून अंधाऱ्या सभागृहात, दिव्याच्या मागच्या बाजूला वाढलेला. १८९७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने चलच्चित्रांच्या तंत्रावर एक पुस्तक लिहिले. या विषयावरच्या ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ ‘सिनेमॅटोग्राफची मुळाक्षरे’ असा होतो. चित्रपटाला स्वतःची बाराखडीही नव्हती, तेव्हाचे हे धाडस.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याने चुलतभाऊ माँटी विक्सच्या जोडीने वॉल्टनमध्ये एक लहानसे घर भाड्याने घेतले. फिल्म धुण्याची व्यवस्था घरातच झाली. परसात सुमारे १५ फूट लांब आणि ८ फूट रुंद असा लाकडी मंच ठोकला आणि पडदे टेकवायला खांब रोवले. सुरुवातीचे चित्रण उघड्यावर, उन्हाच्या भरवशावर होई. आत चित्रण करण्याजोगा काचेचा स्टुडिओ १९०५ च्या सुमारास उभा राहिला. उजेड पसरून मऊ व्हावा म्हणून त्याला खरबरीत पोताच्या काचा बसवल्या आणि जोडीला विजेचे आर्क दिवे आले.

क्रम लक्षात घ्या. फिल्म धुण्याची सोय आधी, नटांसाठी छप्पर नंतर. हेपवर्थने फिल्म सलग धुणाऱ्या स्वयंचलित यंत्राचे पेटंटही घेतले होते. धुणे, छापणे, जोडणे, गुंडाळणे हा त्याच्या लेखी मुख्य धंदा होता. आज आपण दिग्दर्शकाचे नाव आधी घेतो. वॉल्टनमध्ये एकच माणूस सकाळी नट असे, दुपारी सुतार आणि संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारा. १९०३ च्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मध्ये अ‍ॅलिस झालेली मे क्लार्क ही स्टुडिओतली नोकरदार मुलगी. हेपवर्थ स्वतः त्यात बेडूक-सेवक झाला आणि त्याची पत्नी मार्गारेट ससा झाली.

फाळक्यांच्या दादरच्या बंगल्यात पुढे असेच घडले. सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून फाळके नटांना सांगत की कोणी विचारले तर आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा. हा किस्सा आपण हसत हसत सांगतो. पण वॉल्टन पाहून आलेल्या माणसाच्या तोंडी ‘फॅक्टरी’ हा शब्द निव्वळ थाप नव्हती. त्यांनी पाहिला होता तो कारखानाच होता. शिवाय फाळके स्वतः छापखान्यातले. लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्याशी त्यांचा संबंध होता, ठसे करण्याचे काम त्यांना येत होते. एका मूळ प्रतीवरून शेकडो प्रती काढणे हे त्यांच्या हाडीमाशी मुरले होते. चित्रपट हा छपाईचाच पुढचा प्रकार आहे, हे अशा माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

रोव्हर नावाचा कुत्रा आणि ३९५ प्रती

वॉल्टनचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९०५ चा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’. लांबी ४२५ फूट, म्हणजे जेमतेम सहा-सात मिनिटे. दिग्दर्शन लेविन फिट्झहॅमनचे, गोष्ट मार्गारेट हेपवर्थची. दाई शिपायाशी गप्पा मारण्यात रंगलेली असताना एक भिकारीण बाबागाडीतले मूल पळवते. घरचा कुत्रा रोव्हर खिडकीतून उडी मारून निघतो, नदी पोहून जातो, गरीब वस्तीतले एकेक दार हुंगत मूल शोधून काढतो आणि मग परत येऊन मालकाला तिथे घेऊन जातो. मूल हेपवर्थांची मुलगी, आई मार्गारेट, बाप स्वतः हेपवर्थ, कुत्राही घरचाच. पैसे देऊन बोलावलेले व्यावसायिक नट दोनच, भिकारीण आणि शिपाई.

सगळा खर्च ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स. विक्री फुटावर होई. फुटाला ६ पेन्स या दराने एका प्रतीची किंमत १० पौंड १२ शिलिंग ६ पेन्स. म्हणजे पहिली प्रत विकली गेली तेव्हाच खर्च निघून वर नफा सुरू झाला होता. प्रती विकल्या गेल्या सुमारे ३९५.

माझ्या वर्गातला पहिला धडा इथे असतो. इतक्या प्रती छापताना मूळ निगेटिव्ह झिजून निकामी झाली. मागणी तर थांबेना. मग हेपवर्थने तोच चित्रपट पुन्हा चित्रित केला. ती निगेटिव्हही झिजल्यावर तिसऱ्यांदा केला. तेव्हा आज आपण पडद्यावर पाहतो तो ‘रोव्हर’ कोणता? पहिला, दुसरा की तिसरा? चित्रपटाचे नाव एकच, पण वस्तू तीन. साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेद नवे नाहीत. ज्ञानेश्वरीची कोणती पोथी समोर आहे हे विचारल्याशिवाय तो पुढे जात नाही. चित्रपटाचा प्रेक्षक मात्र समोरची प्रत म्हणजेच चित्रपट असे गृहीत धरतो.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे नक्की. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि चौथे अशी दोनच आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली पुन्हा चित्रित केली होती आणि हाती आहेत ती रिळे १९१७ च्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे भारतातला पहिला कथापट म्हणून आपण ज्या चौकटी अभिमानाने छापतो, त्यांच्याखाली कोणते साल घालायचे हाच वाद आहे. हा वाद कोरडा वाटत असेल तर वॉल्टनचा हिशोब आठवावा. त्या काळी चित्रपट दुसऱ्यांदा चित्रित करणे म्हणजे पुस्तकाची नवी आवृत्ती काढण्यासारखे होते. त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते.

दोन शॉट जोडले की

दुसरा धडा जोडणीचा. १९०० साली हेपवर्थने ‘हाऊ इट फील्स टु बी रन ओव्हर’ हा मिनिटभराचाही नसलेला चित्रपट केला. रस्त्यावर कॅमेरा उभा. एक मोटार सरळ त्याच्या अंगावर येते आणि पडदा काळा होतो. गाडीखाली सापडले कोण? पात्र तर कोणीच नाही. सापडला तो प्रेक्षक. कॅमेरा जिथे उभा असतो तिथे आपण उभे असतो, हे चित्रपट-अभ्यासातले पहिले सूत्र समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मला मिळालेले नाही.

पाच वर्षांनी ‘रोव्हर’मध्ये एका शॉटच्या जागी वीसेक शॉट येतात. कुत्रा घरातून निघतो तेव्हा रस्ता, वळण, नदी, वस्ती या प्रत्येक ठिकाणी तो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. परत जाताना त्याच जागा, कॅमेराही तिथेच, पण आता तो आपल्याकडे पाठ करून दूर जातो. बापाला घेऊन निघतो तेव्हा पुन्हा समोरून येतो. बाण नाहीत, पाट्या नाहीत. तरी ‘जाणे’ आणि ‘येणे’ यांत प्रेक्षकाचा एकदाही गोंधळ होत नाही. तिसऱ्या खेपेपर्यंत वाट आपल्या इतकी ओळखीची झालेली असते की मूल सापडल्यानंतरचा घरी परतण्याचा प्रवास चित्रपट दाखवतच नाही. माळ्यावरच्या खोलीतून आपण थेट घरात येतो. काय दाखवायचे याइतकेच काय गाळायचे यावर संकलन उभे असते, हे १९०५ साली वॉल्टनमध्ये कोणाला तरी उमगले होते. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथने आपला पहिला चित्रपट केला तो १९०८ मध्ये. त्याचीही गोष्ट पळवलेल्या मुलाचीच.

मग फाळक्यांनी ही जोडणी वॉल्टनहून आणली का? मोह होतो, पण उत्तर सावधपणे द्यायला हवे. उपलब्ध ‘हरिश्चंद्र’च्या सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे. कॅमेरा समोर, अचल. पात्रे आडव्या ओळीत, आपल्याकडे तोंड करून. ‘रोव्हर’चा रस्ता पडद्याच्या खोलीत शिरतो, इथे मात्र चित्र एखाद्या भिंतीवरच्या तसबिरीसारखे आपल्यासमोर मांडलेले असते. वॉल्टनहून आला तो कॅमेरा चालवण्याचा, फिल्म धुण्याचा आणि एका वस्तूच्या जागी दुसरी आणण्याच्या युक्तीचा वारसा. चौकटीत माणसे उभी कशी करायची, हे फाळक्यांनी रविवर्म्याच्या चित्रांतून आणि आपल्या रंगभूमीवरून घेतलेले दिसते. तंत्र प्रवास करते तेव्हा त्याच्यासोबत दृष्टीही येतेच असे नाही.

एक साम्य मात्र ठळक आहे, आणि ते अनुकरणाचे नसून समान अडचणीचे आहे. मूकपटाला गोष्ट सांगायला शब्द अपुरे. तेव्हा गोष्ट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेली बरी. हेपवर्थची ‘अ‍ॅलिस’ जॉन टेनिएलच्या प्रसिद्ध रेखाचित्रांवर बेतलेली होती. सुमारे ८०० फुटांचा हा चित्रपट तेव्हा ब्रिटनमधला सर्वांत लांब, आणि पुस्तक न वाचलेल्याला तो नीट कळणे अवघडच. फाळके वॉल्टनला गेले त्या वर्षी तिथून डिकन्सचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ बाहेर पडला. इंग्रज घराला डिकन्स जसा तोंडपाठ, तसा आपल्या घराला हरिश्चंद्र. दोघांनीही घराघरांत पोचलेली चित्रे उचलली आणि हलती केली.

शिडी नसलेला इतिहास

आता एक गैरसोयीची गोष्ट. ज्या स्टुडिओने ‘रोव्हर’मध्ये इतकी चपळ जोडणी केली, त्याचाच मालक पुढे जोडणीच्या विरोधात गेला. एका शॉटवरून दुसऱ्यावर एकदम उडी मारली की प्रेक्षकाला धक्का बसतो, असे हेपवर्थचे मत झाले. १९२३ च्या त्याच्या ‘कमिन थ्रू द राय’मध्ये चित्र अंधारात विरते आणि पुढचे अंधारातून उमलते. तोवर अमेरिकी चित्रपटांनी प्रेक्षकाला वेगाची चटक लावली होती आणि हेपवर्थचा संथ, सुंदर चित्रपट जुनाट ठरला.

चित्रपटाचा इतिहास म्हणजे एक शिडी, पहिल्या पायरीवर अडाणी आणि शेवटच्या पायरीवर शहाणे, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९७८ साली ब्रायटनमध्ये चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अधिवेशनात १९०० ते १९०६ या काळातले पाचशेहून अधिक कथापट सलग पाहिले गेले आणि ही समजूत डळमळली. ते चित्रपट अर्धवट वाढलेली कथा नव्हते. त्यांचे काम वेगळे होते. टॉम गनिंग आणि आंद्रे गोद्रो यांनी पुढे त्याला ‘आकर्षणांचा सिनेमा’ म्हटले. दाखवणे हेच त्याचे प्रयोजन, सांगणे नंतरचे. अंगावर येणारी मोटार हे त्याचे चोख उदाहरण. हेपवर्थचा १९२३ चा चित्रपटही मागे पडलेला म्हणून बाजूला टाकण्यापेक्षा, न घेतलेल्या एका वाटेचा नमुना म्हणून पाहणे मला अधिक योग्य वाटते.

पण असे पाहता येते ते प्रत शिल्लक असेल तरच.

वितळलेल्या निगेटिव्ह

१९१९ साली हेपवर्थने कंपनीचे भाग बाजारात आणले. मोठ्या स्टुडिओचे मनसुबे रचले, वीजनिर्मितीसाठी स्वतंत्र इमारत बांधली. अपेक्षित भांडवल जमले नाही आणि १९२४ मध्ये दिवाळे निघाले. मालमत्तेची विल्हेवाट लागली तेव्हा निगेटिव्हचा साठाही विकला गेला. फिल्मचा नायट्रेट पाया वितळवून त्यापासून विमानाच्या पंखांच्या कापडावर लावायचा लेप केला गेला. पंचवीस वर्षांचे काम, ज्यात शेकडो चित्रपट होते, भंगार म्हणून गेले. लिलाव करणाऱ्यांनी काही क्रूरपणा केला असे म्हणता येत नाही. कारखान्यातल्या मालाला कच्च्या मालाची किंमत येणे हा धंद्याचा नियम. ज्या नियमाने ‘रोव्हर’च्या ३९५ प्रती जगभर गेल्या, त्याच नियमाने मूळ निगेटिव्ह कढईत गेल्या. आज ‘रोव्हर’ पाहता येतो तो विकलेल्या प्रती कुठे कुठे पडून राहिल्या म्हणून. ‘अ‍ॅलिस’ची एक प्रत जीर्ण अवस्थेत उरली आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये तिची डागडुजी केली.

फाळक्यांचे याहून फारसे वेगळे झाले नाही. नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतून निघालेल्या चित्रपटांपैकी फार थोडे उरले. ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आणि फाळके स्वतः काम करताना दिसतात असा, चित्रपट कसा तयार होतो हे सांगणाऱ्या १९१७ च्या लघुपटाचा तुकडा आज आपण पाहू शकतो. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पी. के. नायर यांच्यासारखा माणूस लाभला, हे त्याचे मोठे कारण. त्यांनी गावोगाव, घरोघर जाऊन डबे गोळा केले. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेले. त्यानंतर संग्रहालय उभे राहायला आणखी वीस वर्षे लागली. एवढ्या काळात नायट्रेट फिल्म किती कुजते आणि किती पेट घेते, हे कोणीही रसायनाचा जाणकार सांगेल.

म्हणून वॉल्टन आणि दादर यांच्यातल्या नात्याबद्दल मी एवढेच ठामपणे म्हणेन : कारखाना कसा चालवायचा हे तिथून आले, पाहायचे कसे हे इथले होते. याहून अधिक म्हणायला १९१२ च्या आसपासचे वॉल्टनचे चित्रपट आणि त्यानंतरचे फाळक्यांचे चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतील. दोन्हीकडच्या रांगा आज विरळ आहेत. एक दिवाळखोरीत वितळली, दुसरी बेपर्वाईत कुजली.

हेपवर्थ १९५३ पर्यंत जगला. दिवाळ्यानंतर तो इतरांच्या चित्रपटांच्या जाहिरातफिती तयार करण्याचे काम करत होता. १९४० च्या दशकात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने देशाच्या चित्रपटाचा इतिहास लिहून घेण्यासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद त्याला दिले. त्या कामातून रेचल लो यांच्या इतिहासाचा पहिला खंड १९४८ मध्ये निघाला. स्वतःचे बहुतेक चित्रपट स्वतःलाही पुन्हा दाखवू न शकणारा माणूस इतिहास-समितीच्या टेबलाशी बसून आठवणी पुरवत होता. स्टुडिओची जागा पुढे नेटलफोल्ड नावाने चालली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी पाडली गेली. वीजनिर्मितीची इमारत तेवढी उरली. ती आता गावाचे नाट्यगृह आहे आणि तिला हेपवर्थचे नाव आहे.

इमारतीला नाव देणे सोपे असते. फिल्मचा डबा जपणे महाग, कंटाळवाणे आणि बिनकौतुकाचे काम. रसास्वादाच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी विद्यार्थी विचारतात की यापुढे काय वाचावे. पुस्तकांची नावे मी सांगतोच. पण त्याआधी सांगतो की आपल्या गावातल्या बंद पडलेल्या थिएटरच्या, जुन्या वितरकाच्या, लग्नाच्या फिती काढणाऱ्या एखाद्या छायाचित्रकाराच्या माळ्यावर काय पडले आहे ते आधी विचारून या. आपल्या अभ्यासाची मुळाक्षरे अजून तिथे गंजक्या डब्यांत असू शकतात, आणि भंगारवाल्याचा भाव आजही वजनावरच ठरतो.